दडा नेमका कुठे बसलाय?

वाचकाचं पत्र : डॉक्टर, नमस्कार. मी चिपळूणजवळच्या एका गावात शाळेत शिकवते, वय ५१. आठ दिवसांपूर्वी सर्दी झाली होती, ती ओसरत आली. गेल्या शनिवारी न्हायले आणि केस पुसता पुसताच उजव्या कानाला असा दडा बसला की आज पाचवा दिवस, सुटायचं नाव नाही. दुखत नाही. पण मडक्यात तोंड घालून बोलावं तसा माझाच आवाज मला घुमतो, आणि मागच्या बाकावरची मुलं काय म्हणतात ते दोनदा विचारावं लागतं. पाणी असेल म्हणून बड घातला, तर टोकाला तपकिरी काहीतरी लागलं आणि कान आणखीच गच्च झाला. सासूबाई लसूण घालून तेल कोमट करून कानात घाल म्हणून मागे लागल्यात. त्या स्वतः हेअरपिनने कान कोरतात, त्यांना मधुमेह आहे. शाळेतल्या एका बाईंनी कानात लावायची मेणबत्ती ऑनलाइन मागवून दिलीय. बारा दिवसांनी मुलीच्या बाळंतपणासाठी मला विमानाने बंगळुरूला जायचंय. दडा आपोआप जाईल का? आणि तोवर काय करू? – स. रा.

ताई,

सदर छापून यायला वेळ लागतो, आणि कानाच्या एका तक्रारीत तेवढा वेळ थांबणं परवडत नाही. म्हणून तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला दोन ओळी लिहिल्या होत्या : तोंड मिटून, परिपाठात मुलांकडून ओंकार म्हणवून घेता ना, त्यातला शेवटचा 'म्' लांबवा आणि तो डोक्यात कुठे वाजतो ते सांगा. तुमचं उत्तर आलं, 'उजव्याच कानात, आणि चांगला मोठ्याने.' मला हायसं वाटलं. का, ते आता नीट सांगते, कारण तुमच्यासारखी पत्रं पावसाळ्यात माझ्याकडे बरीच येतात.

दडा हे रोगाचं नाव नाही, ती एक जाणीव आहे. 'पोट बिघडलं' म्हणतो तशी. कानाचे तीन भाग : बाहेरची नळी, पडद्याच्या आतली हवेची छोटी खोली, आणि त्याच्याही आत हाडात बसलेला ऐकण्याचा आणि तोलाचा भाग, जिथून नस मेंदूकडे जाते. या तिन्हींपैकी कुठेही बिघाड झाला तरी माणूस एकच वाक्य बोलतो, 'डॉक्टर, कानात दडा बसलाय.' उपाय मात्र तिन्ही ठिकाणी वेगळे. पहिल्या ठिकाणी घाई नको, दुसऱ्या ठिकाणी धीर हवा, आणि तिसऱ्या ठिकाणी एक दिवसही घालवायचा नाही.

त्या 'म्'ने हेच कळतं. आत्ता चांगल्या कानाच्या तोंडाशी, गालाच्या बाजूला, जो छोटा उंचवटा असतो, तो बोटाने दाबून कान बंद करा आणि 'म्' म्हणा. आवाज उडी मारून त्या कानात जाईल. आपला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानापर्यंत पोचत असतो. बाहेरचं दार बंद झालं की बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि हाडातून आलेला आवाज तिथेच कोंडतो, म्हणून तो मोठा वाटतो. म्हणजे दडा बसलेल्या बाजूलाच आवाज वाजला, तर अडथळा बहुधा दारात आहे, आतलं यंत्र शाबूत आहे. पण दडा उजवीकडे आणि 'म्' मात्र डावीकडे वाजला, तर उजवीकडचं यंत्रच झोपलंय अशी शंका घ्यायची. आम्ही कपाळाच्या मध्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवून बघतो तीच ही चाचणी, घरगुती. ती तपासणीची जागा घेत नाही. नक्की सांगता येत नसेल तर 'शंका आहे' असंच धरा आणि दवाखाना गाठा.

त्या तिसऱ्या प्रकाराबद्दल आधी बोलून टाकते, कारण तुम्हाला तो नसला तरी हे वाचणाऱ्या कुणाला तरी असेल. सकाळी उठल्यावर किंवा फोन कानाला लावल्यावर अचानक लक्षात येतं की एका कानाने ऐकूच येत नाही. दुखत नाही. थोडी शीऽऽ अशी शिट्टी वाजते, कधी घर फिरल्यासारखं वाटतं. माणूस म्हणतो, सर्दीचा दडा असेल, जाईल. माझ्याकडे एक ट्रॅक्टर चालवणारे गृहस्थ आले होते, दडा बसून तीन आठवडे झालेले. त्याआधी त्यांनी घरी तेल घालून पाहिलं, मग मेडिकलमधून थेंब आणले, मग कुणीतरी कानात न बघताच सर्दीच्या गोळ्या दिल्या. कानाची नळी आरशासारखी स्वच्छ, पडदा उत्तम, आणि ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या, कागदावर उजव्या कानाची रेघ तळाला गेलेली. नसेचा अचानक आलेला बहिरेपणा होता तो. यात स्टिरॉइडच्या गोळ्या, गरज पडली तर पडद्यातून इंजेक्शन, असे उपाय असतात, पण ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोगाची आशा जास्त. दोन आठवडे उलटले की ती आशा झपाट्याने कमी होते. काहींचं ऐकू येणं आपोआपही परत येतं, पण कुणाचं येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून वाट बघण्याचा जुगार खेळू नये. त्या गृहस्थांचा तो कान परत आला नाही. आता ते मोबाइल डाव्या कानाला लावतात आणि मागून गाडी कुठल्या बाजूने येतेय ते मान वळवून बघतात.

आता तुमचा कान.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली : 'केस पुसता पुसताच' आणि 'बड घातल्यावर आणखीच गच्च'. सर्दी आहे हे खरं, पण सर्दीचा दडा असा क्षणात बसत नाही, तो हळूहळू चढतो. डोक्यावरून पाणी घेतल्यावर पाच मिनिटांत कान बंद होणं ही मळाची सही आहे. आधीपासून नळीत मळाची गोळी असते, कडेने केसाएवढी फट असते आणि त्या फटीतून आपण मजेत ऐकत असतो. पाणी गेलं की गोळी साबुदाण्यासारखी फुगते, फट बुजते. वर बडने तिला आत ठासलं की बूच घट्ट. मी न बघता पैज लावत नाही; लावायचीच झाली तर मळावर लावीन.

मळ हा शब्दच त्याच्यावर अन्याय करणारा आहे. तो घाण नाही. कानाच्या नळीची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर, आणि त्यातल्या फक्त बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात, जिथे केस असतात तिथे, तो तयार होतो. तो चिकट असतो म्हणून धूळ आणि चिलटं अडतात, तेलकट असतो म्हणून पाणी टिकत नाही, किंचित आंबट असतो म्हणून बुरशी आणि जंतूंना तिथे फारसं जमत नाही. आणि कान स्वतःला साफ करतो. पडद्यावरची आणि नळीची कातडी आतून बाहेर सरकत असते, नख वाढतं साधारण त्याच वेगाने, आणि सरकता सरकता मळ दाराशी आणून टाकते. भाकरी चावताना, बोलताना जबडा हलतो त्याचीही थोडी मदत होते. मग पडद्याला चिकटलेला मळ दिसला की आम्हाला काय कळतं? आत तर तो बनतच नाही. म्हणजे कुणीतरी नेऊन ठेवलाय. बडने, हेअरपिनने, काडेपेटीच्या काडीने, स्कूटरच्या किल्लीने, उदबत्तीच्या उरलेल्या काडीने. काय काय कान कोरायला वापरतात याचं एक प्रदर्शन भरवता येईल मला. हल्ली त्यात मोबाइलला जोडायचं कॅमेऱ्याचं कानकोरणं आलंय. स्वतःच्या कानाचं चित्र बघत आरामात खोल जायचं, आणि तेवढ्यात नातवाने कोपराला धक्का मारायचा.

(कान कोरताना खोकला येतो, अनुभवलं असेल. घशाची अन् फुप्फुसांची खबर नेणाऱ्या नसेची एक फांदी कानाच्या नळीतही येते. कित्येक दिवसांचा कोरडा खोकला पडद्याला टेकलेला केस काढल्यावर थांबलेला मी पाहिलाय. मुद्द्याशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

तर काय करायचं? कान पूर्वी कधी फुटला असेल, पू आला असेल, पडद्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा आता दुखत असेल, तर घरी काहीच घालू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. यातलं काही नसेल तर मळ मऊ करायचे थेंब मिळतात, सोडाबायकार्बचे किंवा तेलाच्या आधाराचे. डाव्या कुशीवर आडवं व्हायचं, बाटली आधी दोन मिनिटं मुठीत धरून अंगाच्या उबेवर आणायची, कानाची पाळी वर-मागे ओढून चार-पाच थेंब सोडायचे आणि पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. मग उठून कापसाने बाहेरचं ओघळलेलं पुसायचं. बस. दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस. पहिल्या दिवशी दडा वाढल्यासारखा वाटेल, कारण मळ आणखी फुगतो. तेव्हा घाबरून परत बड घेऊ नका. कधी त्यानेच मळ विरघळून वाहून जातो, नाही गेला तर मऊ झालेला असतो आणि डॉक्टरांचं काम सोपं होतं. आग झाली किंवा ठणका लागला तर थेंब बंद.

दवाखान्यात मळ काढायच्या तीन रीती : सक्शनने ओढून, बारीक आकड्याने, किंवा पिचकारीने धुऊन. धुवायचं पाणी अंगाएवढंच कोमट लागतं. गार किंवा गरम पाणी मारलं तर शेजारच्या तोलाच्या नळ्या दचकतात आणि टेबल फिरायला लागतं. घरी पिचकारी मारू नका म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे. दुसरं, पडद्याला भोक असेल तर ते तुम्हाला कळणार नाही. सोमवारी तुम्ही गावातल्या डॉक्टरांकडे जाणार म्हणालात, उत्तम. पाच मिनिटांचं काम असतं. मळ निघाला की पहिल्यांदा पंख्याचा आवाज इतका मोठा वाटतो की माणसं दचकून वर बघतात.

सासूबाईंच्या तेलाचं काय? त्या अर्ध्या बरोबर आहेत, हे त्यांना माझ्या नावाने सांगा. तेलाने मळ मऊ होतो, हे खरंच आहे. त्या चुकतात ते लसणापाशी आणि पळीपाशी. कच्चा लसूण कातडीला भाजतो, हे ज्याने गळवावर बांधलाय त्याला विचारा. आणि फोडणीच्या पळीतलं तेल बोटाला कोमट वाटलं तरी कानातली कातडी टिश्यू पेपरसारखी पातळ असते. लसणाची पाकळीच कानात बसवून ठेवलेले आणि ती आत गेलेले रुग्णही येतात. शिवाय कोकणातला पाऊस. ओल, दमट हवा, त्यात कानात रोज तेल म्हणजे बुरशीला पंगत वाढून दिल्यासारखं. बुरशीचा दडा ओळखायची खूण म्हणजे खाज, बोट घालून फिरवत राहावंसं वाटेल अशी. दुर्बिणीतून बघितलं तर ओल्या वर्तमानपत्राचा बोळा आणि त्यावर शाईचे काळे ठिपके, अगदी तसंच दिसतं. हा कान आधी कोरडा साफ करून मग बुरशीचे थेंब द्यावे लागतात. लोक करतात काय, मेडिकलमध्ये जाऊन 'कानाचे थेंब द्या' म्हणतात. त्यात बहुतेक वेळा अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड असतं, आणि त्याने बुरशी आणखी जोमात येते. पडदा फाटलेला असेल तर त्यातले काही थेंब आतल्या कानालाही इजा करू शकतात. डोळ्यात तेल घालून जपावं, कानात नव्हे, असं मी दवाखान्यात म्हणते. रुग्ण हसतात आणि घरी जाऊन घालतात.

मेणबत्ती त्या बाईंना परत करा. ती पेटवल्यावर कानातला मळ ओढला जातो आणि शेवटी तळाशी तो दिसतो, असं सांगतात. तीच मेणबत्ती कानात न घालता रिकाम्या वाटीवर धरून जाळली तरी तळाशी तेच पिवळं दिसतं, कारण ते तिचंच मेण असतं. कानाचा पडदा भाजलेला आणि नळीत मेण थिजलेलं, एवढाच काय तो लाभ. माझ्या लहानपणी स्टेशनाबाहेर लाल टोपीत कापूस अन् सळ्या खोचलेले कान साफ करणारे बसायचे, ते गिऱ्हाइकाच्या कानातून चक्क खडा काढून दाखवायचे. खडा त्यांच्याच बोटांत असायचा. मेणबत्ती त्यांचीच शिकलेली पुतणी आहे.

आता समजा, डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, नळी साफ आहे, मळ नाहीच. मग दडा दुसऱ्या ठिकाणी, पडद्यामागच्या खोलीत. तुम्ही कुंभार्ली घाटातून कऱ्हाडला येता-जाता तेव्हा कानात 'टक्' होतं ना? त्या खोलीला बाहेरची हवा मिळायचा एकच रस्ता आहे, कानाकडून नाकाच्या मागे घशात उघडणारी साडेतीन सेंटिमीटरची नळी. युस्टेशियन नलिका म्हणतात, सोळाव्या शतकातल्या युस्टाकी नावाच्या इटालियन वैद्याच्या नावावरून. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते, आतला-बाहेरचा दाब सारखा करते आणि मिटते. सर्दीत तिचं तोंड सुजतं. खोलीतली हवा हळूहळू शोषली जाते, पडदा आत ओढला जातो, कधी मागे पाणी साठतं. डोकं हलवलं की आत काहीतरी डुचमळतं, गिळताना टकटक होते, दडा घटकाभर सुटून पुन्हा बसतो. ही त्याची लक्षणं. तुमच्या पत्रात ती नाहीत, म्हणून मी मळावर पैज लावली.

या दड्याला कानात काहीही घालून उपयोग नाही, कारण कुलूप नाकाच्या बाजूने आहे. वाफ नाकासाठी घ्या, भांडं स्थिर ठेवा आणि लहान मुलांना त्या घमेल्यापासून लांब ठेवा; उकळत्या पाण्याने भाजलेली मुलं मी पाहिलीत, आणि सर्दी तर तशीही गेलीच असती. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं असेल तर पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट नको. नाक शिंकरताना एकेक नाकपुडी, हलक्या हाताने. दोन्ही दाबून जोर केला की शेंबूड थेट त्या नळीत. नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांपलीकडे नकोत, नाहीतर थेंब सुटले की नाक पुन्हा बंद आणि माणूस बाटलीचा गुलाम. आणि रक्तदाब असेल तर आधी विचारूनच घ्यायचे. बाकी, घोटघोट पाणी, जांभया. नाक चिमटीत धरून पाण्याचा घोट गिळून बघा. नाहीतर नाक धरून, तोंड मिटून, फुगा फुगवायच्या आधी गाल भरतात तेवढाच हलका जोर द्या. हे व्हॅल्साल्व्हाचं तंत्र. लोक ते शंख फुंकायच्या ताकदीने करतात, तसं करू नका, आणि नाक शेंबडाने भरलेलं असताना अजिबात नको. सर्दी गेल्यावरही हा दडा दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. मात्र मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी महिनाभरानंतरही तसंच असेल तर नाकामागे दुर्बिणीने बघून घ्यावंच लागतं, तिथे क्वचित गाठ निघते.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून हे मुद्दाम. मुलांमध्ये ही नळी आखूड आणि आडवी असते, त्यातून नाकामागे वाढलेली ॲडेनॉइडची गाठ. पडद्यामागे चिकट पाणी साठतं, दुखत काहीच नाही, आणि मूल तक्रारही करत नाही, कारण आपल्याला कमी ऐकू येतंय हे त्याला ठाऊकच नसतं. टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली तर बघत नाही, तोंड उघडं टाकून झोपतं, शुद्धलेखनात 'त' आणि 'ट'ची गल्लत करतं. तुमच्या वर्गात 'लक्ष नसतं' असा शेरा मिळालेला कुणी असेल तर त्याला पुढच्या बाकावर बसवा आणि आईवडिलांना कान तपासून आणायला सांगा. बहुतेकांचं पाणी तीन महिन्यांत आपलं आपण जिरतं. नाही जिरलं तर उपाय आहेत.

आणखी एक कारण आमच्याकडे हमखास चुकतं. काहींचा दडा कानात नसतोच, जबड्याच्या सांध्यात असतो. रात्री दात खाणारे, एकाच बाजूने चावणारे. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडमीट केलं की कटकट लागते. त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे पाठवते.

सासूबाईंची हेअरपिन आजच काढून घ्या. हे तेलासारखं हसण्यावारी नेण्यातलं नाही. मधुमेहात कानाच्या नळीला ओरखडा गेला की जंतू हाडापर्यंत उतरू शकतात. त्यांना कधी कान दुखायला लागला, रात्री झोप उडवणारा ठणका, आणि दोन दिवसांत थेंबांनी उतरला नाही, तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्यांच्या कानाला पिचकारीही नको. मळ असेल तर आमच्याकडून सक्शननेच काढून घ्या. वर्षातून एकदा दाखवून नेलंत तर हेअरपिनची गरजही वाटणार नाही.

पुन्हा दडा बसू नये म्हणून तुम्ही एवढंच करा. न्हाल्यावर डोकं एका बाजूला कलवून पाळी हलवा, पाणी निघू द्या, पंच्याच्या टोकाने जिथवर बोट सहज जातं तिथवरच पुसा. ज्यांच्या कानात वारंवार मळ साचतो त्यांनी न्हाताना व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी लावावा. दिवसभर इअरफोन घालणाऱ्यांचा आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचा मळ दारातच अडतो, त्यांनी सहा महिन्यांनी कान दाखवावा. बड घरात असू देत, काजळ पुसायला बरे पडतात.

विमानाचं विचारलंत. नुसता मळ असेल आणि तो निघाला, तर निर्धास्त जा. विमानात हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. आपली कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तुम्ही कळसूबाईच्याही वर चढून तासाभरात उतरणार. चढताना त्रास होत नाही, आतली हवा आपणहून बाहेर निसटते. उतरताना मात्र नळी उघडावी लागते, म्हणूनच घाटातही दडे चिपळूणकडे उतरताना जास्त बसतात. तोवर सर्दी पुन्हा जोरात आली, नाक चोंदलं आणि कान दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारून तिकीट पुढे ढकला किंवा रेल्वेने जा. साधी सर्दी असेल तर विमान उतरायला लागायच्या अर्धा तास आधी नाकात थेंब. उतरताना झोपू नका, झोपेत आपण फार कमी गिळतो. आवळासुपारी चघळा, आणि ती पर्समध्ये नको, हातातल्या रुमालात ठेवा, उतरताना पर्स पायाखाली गेलेली असते.

आणि आजी होणार आहात, तेव्हा शेवटचं. तिथे बाळाला न्हाऊ-माखू घालायला बाई लावाल, आणि ती अंग चोळून झालं की सवयीने दोन्ही कानांत आणि नाकात तेलाची धार सोडेल. आपल्याला लहानपणी सोडलं होतं म्हणून आपलं काही बिघडलं नाही, हे तुम्ही म्हणाल. ज्यांचं बिघडलं ते माझ्याकडे येतात. नाकातलं तेल श्वासातून फुप्फुसात जातं, कानातलं तेल आणि न्हाणाचं पाणी मिळून बुरशीची सोय होते. बाळाच्या कानात काहीही घालायचं नाही. न्हाल्यावर कानाची पाळी आणि मागची घडी मऊ फडक्याने कोरडी करायची, झालं. दूध पाजतानाही बाळाचं डोकं थोडं उंच असू द्या, सपाट आडवं पाजलं तर दूध त्या आखूड नळीकडे जाऊ शकतं. त्या बाईंना तेलाचं पहिल्याच दिवशी, वाटी हातात घ्यायच्या आधी सांगा. तिसऱ्या दिवशी सांगितलंत तर त्या तुमचं ऐकायच्या नाहीत, आणि मुलगीही त्यांचीच बाजू घेईल.